वाचकांचे प्रश्न : बेल्जियमच्या छोट्या ब्रुअरीची बिअर कशी पारखावी?

गेल्या दोन अंकांनंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे बेल्जियमच्या बिअरविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे वगळून फक्त ठिकाणे ठेवली आहेत.

प्रश्न : माझा भाचा ब्रुसेल्समध्ये नोकरीस आहे. दिवाळीला येताना त्याने ‘ब्रासरी द ला सेन’ या तिथल्या छोट्या ब्रुअरीच्या सहा बाटल्या आणल्या. तारास बुल्बा आणि झिन्नेबीर यांच्या प्रत्येकी दोन, तर जांब द ब्वा आणि ब्रुक्सेलेन्सिस यांची एकेक बाटली आहे. आम्ही चौघे मित्र त्या चाखून गुण देणार आहोत. मागे अशीच बैठक केली तेव्हा सर्वांत कडक बिअरला सगळ्यांनी नऊ गुण दिले, हलकीला चार दिले, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला कशाची चव धड आठवेना. नीट पद्धत सांगाल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या दिवशी चव आठवली नाही, याचे कारण तुम्ही आकडा आधी ठरवलात आणि चवीला शब्द दिलेच नाहीत. आपल्या बाजार समितीतल्या गुळाच्या सौद्यात व्यापारी रव्याचा, म्हणजे ढेपेचा, रंग पाहतो, तुकडा मोडून कण पाहतो, जिभेवर ठेवून खारटपणा तपासतो आणि मगच भाव बोलतो. बिअरला गुण देण्याचा क्रमही हाच असायला हवा. आधी पाहणे, मग हुंगणे, मग घोट, मग लिहिणे आणि सर्वांत शेवटी आकडा.

तुमच्या हाती आलेल्या बाटल्या या अभ्यासासाठी फार चांगल्या आहेत. यव्हान डे बेट्स आणि बर्नार्ड लेबुक या दोघांनी उभी केलेली ही ब्रुअरी २०१० पासून ब्रुसेल्स शहरात बिअर बनवते, आणि शहराच्या पोटातून वाहणाऱ्या, एकोणिसाव्या शतकात वरून बंदिस्त करून टाकलेल्या सेन नदीचे नाव तिने घेतले आहे. तिथली बिअर गाळून चकचकीत केलेली नसते आणि पाश्चराइझही केलेली नसते. बाटलीत ती पुन्हा एकदा आंबते. बेल्जियमची बिअर म्हटली की गोडसर, जड आणि डोक्यात जाणारी, अशी जी सर्वसाधारण कल्पना असते, तिच्या अगदी उलट या दोघांचा कल कोरड्या, स्वच्छ कडवट आणि पुन्हा हातात घ्यावीशी वाटणाऱ्या बिअरकडे आहे. तारास बुल्बामध्ये मद्यार्क ४.५ टक्के, झिन्नेबीरमध्ये ५.८, ब्रुक्सेलेन्सिसमध्ये ६.५ आणि जांब द ब्वामध्ये ८ टक्के असतो. कडकपणालाच गुण द्यायचे ठरवले, तर या ब्रुअरीचे सर्वांत मोठे कसब तुमच्या यादीत तळाला जाईल. कारण ४.५ टक्क्यांत भरघोस चव बसवणे हे ८ टक्क्यांत बसवण्यापेक्षा कठीण काम आहे. हलक्या बिअरमध्ये दोष लपवायला जागाच नसते. कडक आणि दुर्मीळ बिअरकडे झुकण्याची ही सवय केवळ तुमच्या बैठकीपुरती नाही. वेस्टव्हलेटरन मठाच्या ज्या बिअरला जगातली सर्वोत्तम म्हणून पुन्हा पुन्हा पहिला क्रमांक मिळाला, तिच्यात १०.२ टक्के मद्यार्क आहे आणि ती मुख्यतः मठाकडूनच घ्यावी लागते. ती उत्तम आहे यात वाद नाही, पण तिच्या गुणांत या दोन्ही गोष्टींचा वाटा नक्कीच आहे.

आता बैठकीची तयारी. त्या दिवशी दुपारी मिसळ किंवा तांबडा रस्सा नको. मिरचीने भाजलेल्या जिभेला कडवटपणातले बारकावे काही तास कळत नाहीत. टेबलावर भडंग अजिबात ठेवू नका; लसूण आणि तिखट यांच्यापुढे हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास टिकत नाही. साधा पाव किंवा सुकी भाकरी आणि पाणी एवढे पुरेसे आहे. खोलीत उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको, आणि पान-तंबाखूची सवय असणाऱ्याने त्या संध्याकाळी ती आवरावी.

पेले काचेचे, पातळ कडेचे आणि तोंडाशी किंचित निमुळते असावेत. वाइनचे पेले चालतील, स्टीलचे चालणार नाहीत. पेला धुतल्यावर साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो आणि दोष बिअरला लागतो. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तर तो पेला स्वच्छ नाही असे समजावे आणि दुसरा घ्यावा.

प्रत्येकाच्या पेल्यात ७५ मि.लि. ओता. ३३० मि.लि.च्या बाटलीतून चौघांना तेवढी मिळते आणि तळाचा गाळ बाटलीतच राहतो. दोन जादा बाटल्यांपैकी तारास बुल्बाची बाटली परीक्षकांची परीक्षा घेण्यासाठी वापरा. ओतणाऱ्याने आत, स्वयंपाकघरात पेले भरून त्यांवर फक्त क्रमांक घालावेत आणि क्रम असा ठेवावा : तारास बुल्बा, झिन्नेबीर, पुन्हा तारास बुल्बा, जांब द ब्वा आणि शेवटी ब्रुक्सेलेन्सिस. तीच बिअर दोनदा आली आहे हे चाखणाऱ्यांना सांगायचे नाही. हे उत्तर वाचून तुम्हाला ते ठाऊक झालेच आहे, म्हणून ओतण्याचे काम तुम्ही घ्या किंवा घरातल्या कोणाकडे तरी सोपवून क्रम त्यांना बदलू द्या. पहिल्या आणि तिसऱ्या पेल्याला एकाच माणसाने फार वेगळे गुण दिले, तर त्या संध्याकाळचे त्याचे बाकीचे आकडेही सैलच धरावेत. बहुतेकदा तिसऱ्या पेल्याला कमी गुण पडतात, कारण त्याआधी झिन्नेबीरचा भरीवपणा जिभेवर येऊन गेलेला असतो. क्रमाचा चवीवर किती जोर चालतो हे एकदा स्वतः पाहिले की माणूस इतरांच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबत नाही. ब्रुक्सेलेन्सिस जांब द ब्वाहून हलकी असूनही शेवटी ठेवली आहे, कारण तिच्यात ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट वापरलेले असते आणि त्याचा चामड्यासारखा, किंचित धुरकट वास एकदा नाकात बसला की नंतरच्या साध्या बिअरवर अन्याय होतो.

बाटल्या फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतू नका. अति थंड बिअरचा वास दबतो आणि कडवटपणा मात्र टोचतो. हलक्या बिअर ६ ते ८ अंश सेल्सिअसला, जांब द ब्वा आणि ब्रुक्सेलेन्सिस १० अंशांच्या आसपास, असे ठेवा. आपल्याकडच्या हवेत पेला लवकर तापतो, म्हणून सुरुवात थोडी थंड झाली तरी बिघडत नाही. उलट तोच पेला पाच-सात मिनिटांनी पुन्हा हुंगावा. पहिल्यांदा नुसता लिंबासारखा वाटलेला वास तेवढ्या वेळात उलगडतो आणि त्याखालचा ताज्या पावाचा, गवताचा किंवा पिकल्या फळाचा वास वर येतो.

पहिला पेला घ्या आणि असे करा. उजेडासमोर धरून रंग पाहा : फिकट सोनेरी, किंचित धूसर, वर पांढरा दाट फेस. फेस खाली जाताना काचेवर जाळी सोडतो का, ते पाहा. पेला हलकेच फिरवून दोन-तीन छोटे श्वास घ्या. एकच लांब श्वास घेतला तर नाक लवकर थकते. मग तोंडभर नव्हे, जिभेचा सगळा भाग भिजेल एवढा घोट घ्या, क्षणभर तोंडात फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चवीचा मोठा हिस्सा या परत आलेल्या वासातच असतो. शेवटी थांबा. कडवटपणा किती वेळ राहतो, तो संत्र्याच्या सालीसारखा स्वच्छ राहतो की औषधासारखा घशाला धरतो, हे त्या थांबण्यातच कळते. पुढच्या पेल्यांविषयी मी मुद्दाम काही लिहीत नाही. आधी वर्णन वाचले की तेच वास येऊ लागतात. ज्याने त्याने गप्प बसून लिहावे, चर्चा पाचवा पेला संपल्यावर करावी.

गुणांसाठी दहाची पट्टी सोडा. बिअरच्या स्पर्धांतील परीक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या ‘बीजेसीपी’ या अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाची पन्नास गुणांची पत्रिका जगभर वापरली जाते. तिच्यात वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला आणि फसफशीला मिळून ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. दिसण्याला तीनच गुण आहेत, याचे मला फार समाधान वाटते. सुंदर बाटली आणि उंच फेस पाहून भुलणाऱ्यांना तो योग्य लगाम आहे. पत्रिकेतल्या प्रत्येक ओळीसमोर आकड्याआधी निदान दोन शब्द लिहिल्याशिवाय आकडा घालायचा नाही, एवढा नियम पाळा.

एक भर मात्र माझ्याकडून घाला. पन्नासांचा हिशेब झाल्यावर खाली वेगळ्या चौकटीत ‘मला आवडली का’ याचे पाच गुण ठेवा आणि ते बेरजेत मिळवू नका. पन्नास गुण कसबाचे आहेत : बनवणाऱ्याने जे साधायचे ठरवले ते साधले का, एवढेच तिथे तपासायचे. तारास बुल्बा कोरडी आणि कडवट करायची ठरवूनच केलेली आहे, म्हणून ‘गोडवा नाही’ असे म्हणून तिथे गुण कापता येत नाहीत. तुमच्या जिभेला गोड हवे असेल तर खालच्या चौकटीत पाचपैकी एक द्या. या दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्यामुळेच मागच्या वेळी तुमचे गुण कोणाच्याही कामाचे राहिले नाहीत.

प्रश्न : एका बेल्जियन बाटलीच्या तळाशी गाळ होता आणि झाकण उघडताच अर्धी बिअर फेसाबरोबर बाहेर आली. बिअर नासलेली होती का? शिवाय लेबलवर साखर लिहिलेली होती. बिअरमध्ये साखर म्हणजे भेसळच नव्हे का?
— एक वाचक, कागल

उत्तर : गाळ म्हणजे यीस्ट. बाटलीत भरताना थोडी साखर आणि थोडे यीस्ट घातले जाते, ते आत आंबते आणि बिअरला नैसर्गिक फसफस येते. अशी बाटली निदान एक दिवस उभी ठेवावी, मग पेला तिरका धरून एकाच धारेत सावकाश ओतावी आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच सोडावा. बाटली प्रवासात हिंदकळली असेल, उन्हात तापली असेल किंवा उघडण्यापूर्वी आडवी असेल, तर फेस उसळतो. थंड आणि स्थिर करूनही बाटली उसळली आणि चव आंबट-कडवट लागली, तरच आत नको ते जंतू वाढल्याचा संशय घ्यावा.

साखरेबाबतचा तुमचा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने विचारावा असाच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो. माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून, काढलेल्या गोड रसातली सगळी साखर यीस्टला खाता येत नाही. जी उरते तिच्यामुळे बिअरला भरीवपणा येतो. फक्त माल्टच्या जोरावर ९ टक्क्यांपर्यंत जायचे म्हटले, तर हा उरलेला भागही वाढतो आणि बिअर जड, चिकट होते. साधी साखर मात्र यीस्ट पूर्ण खाऊन टाकते. म्हणजे बिअरमध्ये घातलेल्या साखरेने गोडी वाढत नाही, उलट मद्यार्क वाढून अंग हलके आणि शेवट कोरडा होतो. वेस्टमाल मठाची ट्रिपेल ही फिकट सोनेरी, कडक बिअर १९३४ पासून बनते, तिच्यात ९.५ टक्के मद्यार्क असूनही ती घशाखाली हलकी उतरते, त्याचे एक मोठे कारण हेच. गडद रंगाच्या डुबेल बिअरमध्ये साखर उष्णता देऊन गडद केलेल्या पाकाच्या रूपात जाते आणि रंग, मनुका आणि जळक्या साखरेचा वास देते. तिथे बीटची साखर वापरतात. काहिलीत उसाचा रस आटवताना रंग आणि वास कसा बदलत जातो हे ज्याने गुऱ्हाळावर उभे राहून पाहिले आहे, त्याला डुबेलची चव समजायला वेळ लागणार नाही.

याच ओघात आणखी एक शंका दूर करतो, कारण ती दोन पत्रांत आहे. बेल्जियन बिअरमध्ये लवंगेचा किंवा केळ्याचा वास आला म्हणजे लवंग किंवा केळे घातलेलेच असते असे नाही. हे दोन्ही वास तिथले यीस्ट आंबवताना स्वतः तयार करते आणि आंबवण्याचे तापमान वाढवले-घटवले की त्यांचे प्रमाण बदलते. धन्याचा वास आला तर मात्र बहुधा खरोखरच धने असतात. गव्हाची पांढरी बिअर धने आणि संत्र्याची वाळलेली साल घालूनच करतात. हूगार्डन गावातून हा प्रकार नाहीसा झाला होता, तो पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये पुन्हा सुरू केला.

प्रश्न : मित्राने ब्रुसेल्सहून आणलेली कांतियोंची ग्योझ उघडली. लिंबाइतकी आंबट, आणि वास घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा. दोन घोटांत ठेवून दिली. अशा बिअरला शून्याखेरीज काय द्यावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचे वर्णन अचूक आहे. घोंगडीचा वास हीच या बिअरची ओळख आहे आणि परीक्षकही नेमके तेच शब्द वापरतात. कांतियों ही ब्रुसेल्सच्या अँडरलेख्ट भागातली, १९०० पासून चालत आलेली कुटुंबाची ब्रुअरी. तिथे थंडीच्या दिवसांत उकळलेला रस उथळ, पसरट तांब्याच्या पात्रात रात्रभर उघडा ठेवतात, हवेतले यीस्ट आणि जिवाणू त्यात उतरतात, आणि मग तो लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे आंबत राहतो. हा झाला लाम्बिक. एक, दोन आणि तीन वर्षांचे लाम्बिक एकत्र करून बाटलीत भरले की ग्योझ होते.

तिला गुण देताना तिची तुलना दुसऱ्या ग्योझशी करावी, थंडगार लागर बिअरशी नव्हे. आंबटपणा लिंबा-दह्यासारखा गोलसर आहे की व्हिनेगरसारखा नाकात आणि घशात चढतो, हे पाहावे. दुसरा असेल तर तो दोष आहे. तीन वर्षांच्या लाम्बिकमधली लाकडाची आणि वाळक्या गवताची चव आंबटपणाच्या मागून येते का, आणि फेस बारीक आहे का, हेही पाहावे. आवडीच्या चौकटीत तुम्ही शून्य द्यायला मोकळे आहात. मात्र पुन्हा कधी संधी आली तर बिअर १२ अंशांच्या आसपास, छोट्या पेल्यात, पावाच्या तुकड्यासोबत घेऊन पाहा. माझ्या मते ही बेल्जियमची सर्वांत थोर बिअर आहे. युनेस्कोने २०१६ मध्ये बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ते योग्यच होते असे मला वाटते ते अशा ब्रुअरींकडे पाहून.

प्रश्न : मटणाबरोबर कोणती चालेल?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : सुक्या मटणाबरोबर डुबेल, भाजलेल्या मसाल्याचा आणि तिच्यातल्या जळक्या साखरेचा वास एकमेकांना धरून राहतो. पांढऱ्या रश्शाबरोबर ट्रिपेल. तांबड्या रश्शाबरोबर कोणतीच नको. फसफस आणि मद्यार्क दोन्ही तिखटाचा जाळ वाढवतात, आणि त्यात रस्सा आणि बिअर दोघांचेही नुकसान होते. गुण देण्याची बैठक मात्र जेवणाआधी उरकावी.

प्रश्न : यजमान आणि त्यांचे मित्र अशी बैठक घरी करतात. मी मद्य घेत नाही, पण चव समजून घेण्याची मला आवड आहे. माझा सहभाग कसा होऊ शकेल? आणि थोडी थोडी म्हणताना एकेकाच्या पोटात नेमके किती जाते?
— एक वाचक भगिनी, ताराबाई पार्क

उत्तर : ताई, बैठकीतले सर्वांत जबाबदारीचे काम तुमच्याकडे द्यायला हवे. पेले आत भरणे, क्रमांक घालणे, कोणती बिअर कोणत्या क्रमांकाला आहे याची नोंद ठेवणे आणि एकाच बिअरला एकाच माणसाने दोनदा काय गुण दिले ते पाहणे, हे न पिणाऱ्या माणसाकडूनच नीट होते. वासाची परीक्षा तुम्ही पूर्णपणे करू शकता. पन्नासांपैकी १२ गुण वासाचे आणि ३ दिसण्याचे आहेत. ही पंधरा गुणांची पत्रिका तुम्ही भरा आणि शेवटी इतरांच्या पत्रिकेशी ताडून पाहा. रोज फोडणी आणि मसाले हाताळणाऱ्या नाकाला लवंग, धने, करपलेले आणि शिळे हे भेद चटकन कळतात. लोण्याचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास किंवा उकडलेल्या मक्याचा वास आला तर तो जरूर लिहा. लोणी आणि मका हे बनवतानाचे दोष मानले जातात आणि ओला पुठ्ठा म्हणजे बिअर जुनी झाल्याची खूण.

प्रमाणाचे म्हणाल, तर वर सांगितलेल्या पाच पेल्यांत मिळून ३७५ मि.लि. बिअर आणि तिच्यात सुमारे २२ मि.लि. शुद्ध मद्यार्क होतो. बाजारातल्या ५ टक्क्यांच्या ६५० मि.लि. बाटलीत तो ३२.५ मि.लि. असतो. म्हणजे कमी आहे, पण नगण्य नाही. बैठकीनंतर कोणीही गाडी चालवू नये, आणि ज्याला गिळायचे नसेल त्याने थुंकण्यासाठी भांडे मागायला संकोचू नये. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो. मद्य थोडे घेतले तरी ते प्रकृतीला हितकारक होत नाही, आणि कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. म्हणून जो घेत नाही त्याने चवीच्या हौसेखातर सुरुवात करावी असे मी कधीच सुचवणार नाही.

प्रश्न : उरलेल्या बाटल्या उन्हाळ्यापर्यंत ठेवाव्यात का?
— एक वाचक, गारगोटी

उत्तर : कोणती बिअर आहे त्यावर ते अवलंबून आहे. हॉप्सचा ताजा वास हेच जिचे बळ आहे, ती काही महिन्यांत फिकी पडते. ती आधी संपवावी. ब्रेटानोमायसिस वापरलेली बिअर आणि ग्योझ मात्र थांबतात आणि थांबल्यावर बदलत जातात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये माडीवरची खोली फार तापते, तेव्हा बाटल्या तिथे ठेवू नयेत. तळमजल्यावरच्या अंधाऱ्या कपाटात किंवा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उभ्या ठेवाव्यात. उजेडाने हॉप्समधल्या कडू द्रव्याचे विघटन होऊन उग्र दुर्गंध तयार होतो. हिरव्या आणि पांढऱ्या काचेच्या बाटल्यांना हा धोका अधिक, त्यामुळे त्या कागदात गुंडाळाव्यात आणि कागदावर नाव व आणल्याची तारीख लिहावी.